बिनधुराची सवत

माझी वहिनी कपड्याला नाक लावते तेव्हा लाँड्रीतले आम्ही सगळे गप्प बसतो. ती मागच्या बाजूला, वाफेच्या इस्त्रीपाशी असते. मी पुढे काउंटरवर. कपडे घ्यायचे, टॅग टाचायचे आणि खिडकीतून तिच्याकडे ढकलायचे, हे माझं काम. गिऱ्हाईक सांगतं, "कोटावर चहा सांडलाय." मागून वहिनीचा आवाज येतो, "चहा नाही, खोकल्याचं औषध आहे. थंड पाण्यात टाकू नका, पसरेल." गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं आणि मी छताकडे बघते.

नाक तिला देवानंच दिलं, पण मालकानं ते कामाला लावलं. कुठला कपडा नुसता धुवायचा, कुठला आधी डाग काढायच्या बाटलीकडे पाठवायचा, कुठला परत करायचा, हे ती हुंगून ठरवते. कॉलर, काख, बाही, खिसा, या क्रमानं. त्यात तिला बाकीचंही कळतं. कोण घरी जेवत नाही, कोणाच्या घरात आजारी माणूस आहे, कोणी नवीन नोकरी धरली. कुणाच्या नवऱ्याच्या शर्टाला कुणाचं अत्तर लागलंय, हेही कळतं. ते ती फक्त मला सांगते, आणि सांगताना तिचे डोळे असे चमकतात की जणू तिचाच नवरा पकडला गेलाय.

तिचा नवरा म्हणजे माझा थोरला भाऊ. दादाकडे बघून कुणी बाई पाघळेल असं मला तरी कधी वाटलं नाही. टक्कल पडलेला, खांदे उतरलेला, निळ्या शर्टावर कंपनीचा बिल्ला लावून दिवसभर लिफ्ट दुरुस्त करत हिंडणारा माणूस. पण वहिनीला तो राजबिंडा वाटतो, आणि जगातल्या सगळ्यांचा त्याच्यावर डोळा आहे असंही वाटतं. ती माझ्यावर जळते, कारण मी त्याला तिच्या आधीपासून ओळखते. त्याच्या मदतनिसावर जळते, कारण दादा त्याच्याशी जेवताना बोलतो. शेजारच्यांचं मांजर त्याच्या मांडीवर बसतं म्हणून तिनं त्या मांजराशीही वाकडं घेतलं. एकदा मी म्हटलं, "वहिनी, अगं मांजर आहे ते." ती म्हणाली, "मादी आहे."

पण खरं वैर होतं ते सिगारेटशी. "माझी सवत," असंच म्हणायची ती. लग्नाच्या आधीपासूनची सवत. जेवण झालं रे झालं की सवत हाक मारायची आणि दादा ताटावरून उठून गॅलरीत जायचा, दार ओढून घ्यायचा. काचेतून त्याची पाठ दिसायची. "माझ्याशी बोलताना जांभया देतात," वहिनी म्हणायची, "आणि तिच्याबरोबर बघ कसे निवांत उभे आहेत." तिनं रडून पाहिलं, ओरडून पाहिलं, अबोला धरून पाहिलं. पाकिटं लपवली. दादानं दर वेळी कानाला खडा लावला आणि दर वेळी पुन्हा ओढली. सोडली की वहिनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून आनंदाची बातमी द्यायची, आणि पुढच्या लग्नकार्यात दादा मांडवामागे धूर काढताना सापडला की सगळे हसायचे. वहिनीचं तोंड मग आठवडाभर फुगलेलं.

हे वर्षानुवर्षं असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी दादाची दमछाक व्हायला लागली. लिफ्टवाल्याचं एक दुर्दैव असतं: तो जिथे जातो तिथली लिफ्ट बंदच असते. हत्यारांची पिशवी घेऊन जिन्यानं वर, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीपर्यंत. दादा मधल्या मजल्यांवर थांबायला लागला, मग प्रत्येक मजल्यावर. छातीच्या डॉक्टरांनी नळीत फुंकर मारायला लावली आणि कागद बघून म्हणाले, "फुप्फुसाचं जे गेलं ते परत येत नाही. उरलंय ते राखायचं असेल तर आज धूर बंद. नाहीतर काही वर्षांत नाकाला ऑक्सिजनची नळी लावून घरात बसाल." मी त्या खोलीत होते. वहिनीनं माझा हात इतका दाबला की बोटं पांढरी पडली.

दादानं सिगारेट सोडवणाऱ्या औषधाच्या पट्ट्या दंडाला लावून पाहिल्या, चघळायची गोळी चघळून पाहिली. आठ-दहा दिवस बरे गेले आणि मग एका संध्याकाळी शर्टाला पुन्हा तो वास. वहिनी काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

मग एके दिवशी धुराचा वास यायचा थांबला. दादाचे कामाचे शर्ट आमच्याच लाँड्रीत येतात. वहिनीनं कॉलर हुंगली, बाही हुंगली आणि मला खिडकीतून बोलावलं.

"ओढत नाहीत."

"मग बरंच झालं की!"

"बरं काय झालं? मला सांगितलं का? मी सांगून सांगून थकले तेव्हा सोडली नाही. आता न सांगता सोडली. कुणासाठी?"

मी म्हटलं, स्वतःच्या फुप्फुसासाठी. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गुपचूप काउंटरवर परतले. त्यानंतर ती डोळ्यात तेल घालून पाळतीवर राहिली. दादा जेवून गॅलरीत जायचा तो बंद झाला होता, पण तसाच शून्यात बघत बसायचा, ओठ मिटून. काही विचारलं तर हूं. घरी येण्याआधी औषधाच्या दुकानात थांबायचा, हे तिनं कुणाकडून तरी काढलं. दुकानात एक बाई असते, हेही काढलं. चष्मा, आखूड केस, पांढरा कोट. आमच्या घरात तिचं नाव लगेच पडलं: औषधवाली.

आणि मग तो वास आला.

पावसाळी हवेत शर्ट आले होते. वहिनीनं एक उचलला, नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिली. इस्त्रीची वाफ फुसफुसत होती. मी खिडकीतून विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "दुसराच वास आहे." सिगारेट नाही, साबण नाही, मशीनचं तेल तर ती झोपेतही ओळखेल. गोडसर, उबदार, माणसाच्या अंगाचा वास. "इतकी वर्षं यांचे कपडे धुतेय. हा वास मी कधी घेतलेला नाही. हा यांचा नाही." मी शर्ट घेऊन हुंगला. मला शर्टासारखा वास आला, दुसरं काही नाही. पण वहिनीच्या नाकावर शंका घ्यायची आमच्याकडे कुणाची छाती नाही.

त्याच दुपारी मला मालकाकडे डोकेदुखीचं कारण सांगायला लावून ती मला ओढत त्या दुकानात घेऊन गेली. वाटेत तिनं काय काय बोलायचं याची उजळणी केली. त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही.

औषधवाली आमच्यापेक्षा वयानं मोठी निघाली. पायाला सूज, उंच स्टुलावर बसलेली. वहिनीनं काउंटरवर दोन्ही हात टेकले, पुढे वाकली आणि आधी तिचाच वास घेतला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"तुम्ही अत्तर कुठलं लावता?" वहिनीनं विचारलं.

"काहीच नाही. इथे दम्याचे लोक येतात, चालत नाही. काय हवंय तुम्हाला, ताई?"

"लिफ्टवाले तुमच्याकडे येतात. मी त्यांची बायको."

औषधवालीचा चेहरा उजळला, आणि तेच वहिनीला सगळ्यात जास्त झोंबलं. "अरे वा! कसे आहेत ते? मी म्हणत होते त्यांना, घरी सांगा. घरच्यांची साथ असली की टिकतं. पण ते म्हणाले, आत्तापर्यंत इतक्यांदा तोंडघशी पडलोय की आता पूर्ण जमल्याशिवाय बायकोला तोंड नाही दाखवायचं." मग तिनं खणातून एक चपटी गोल डबी काढली. दादाचं सगळं गुपित त्या डबीत होतं. आत बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या पिशव्या, तंबाखू भरलेल्या. एक वरच्या ओठाखाली ठेवायची. थुंकायचं नाही, चघळायचं नाही. थोड्या वेळानं काढून टाकायची.

"म्हणजे तंबाखूच," वहिनी म्हणाली.

"तंबाखूच. मी खोटं सांगत नाही. सगळंच सोडता आलं असतं तर मी हात जोडले असते. पण त्यांना ते जमेना. सवय लागते ती निकोटीनची, आणि छाती जाळतो तो धूर. म्हणून म्हटलं, निदान धूर तरी घालवू. ही निर्धोक नाही. हिरड्या तपासून घ्यायच्या, हृदयालाही काही चांगली नाही. ज्यानं कधी ओढली नाही त्यानं हिला शिवू नये. आणि रस्त्यावर मळून खातात ती तंबाखू वेगळी, ती तोंडाचा कॅन्सर देते, तिला याच्यात धरू नका. शिवाय हीही आणि सिगारेटही, असं दोन्ही चालू ठेवलं तर काही उपयोग नाही. त्यांच्या डॉक्टरांशी बोललेय मी. ते खूश नाहीत, पण धुरापेक्षा बरी म्हणाले. पुढे हिचीही मात्रा कमी करत न्यायची."

वहिनीनं डबी नाकाशी नेली. ओल्या पानांचा, थोडा खारट वास. तिनं मान हलवली. "हा तो वास नाही," ती मला म्हणाली, आणि तरातरा बाहेर पडली. मी औषधवालीला काहीतरी पुटपुटले आणि मागे धावले.

आता सरळ मनाच्या बाईला हायसं वाटलं असतं. नवऱ्याचं लफडं नाही, तो मरणाच्या वाटेवरून बाजूला सरकलाय, मोठी भानगड म्हणावी तर एक डबी. पण वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "माझ्या अश्रूंनी सुटली नाही," ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "आणि हिच्या दोन वाक्यांनी सुटली! हिला सगळं सांगितलं. लाज वाटते ते सांगितलं, तोंडघशी पडलो ते सांगितलं. मला काय सांगितलं? हूं!" मागून गाडीवाला भोंगा वाजवत होता. मी तिला फुटपाथवर ओढलं. मी तिला समजावायला हवं होतं, पण मला स्वतःलाच कुठेतरी खुपत होतं. बहीण मी, एकाच घरात राहते, आणि मलाही त्यानं सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी दादा आला. वहिनीनं त्याच्या हत्यारांच्या पिशवीत हात घालून पान्यांच्या खालून डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही माझी नवी सवत," ती म्हणाली. "पहिली निदान धूर तरी सोडायची, कळायचं तरी. ही गपचूप तुमच्या तोंडात घर करून बसली. सोडायचंय ना? मग सगळं सोडा. माझ्यासाठी सोडा. त्या औषधवालीसाठी सिगारेट सोडता आली, मग माझ्यासाठी ही नाही?"

दादा हातातल्या टोपीकडे बघत राहिला. "अगं, हिच्यामुळे सिगारेट राहिलीय."

"ही, नाहीतर मी."

मी म्हटलं, "वहिनी, डॉक्टर काय म्हणाले आठव." ती म्हणाली, "तू मध्ये बोलू नकोस." दादानं डबी उचलली, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात धुतले. इतका मुकाट माणूस मी पाहिला नाही. वहिनी जिंकली. रात्रीच्या जेवणाला तिनं त्याला आग्रह करकरून वाढलं आणि तो खाली मान घालून जेवला.

पुढचे काही दिवस दादा घरात पिंजऱ्यातल्यासारखा फिरत होता. वहिनी त्याच्याकडे कौतुकानं बघायची. तिला वाटत होतं, हे माझ्यासाठी चाललंय. मला मात्र त्याचे हात दिसत होते. सारखे खिशाकडे जायचे आणि रिकामे परत यायचे.

मग लाँड्रीत शर्टांचा गठ्ठा आला. मी टॅग टाचून मागे ढकलला. बराच वेळ इस्त्रीचा आवाज नाही, म्हणून वाकून बघितलं तर वहिनी शर्ट तोंडावर धरून खुर्चीत बसली होती. मी आत गेले. न हुंगताच मलाही कळलं. धूर. कॉलरला, बाहीला, खिशाला, सगळीकडे.

"पुन्हा सुरू केली," मी म्हटलं. माझा पारा चढला होता. "आता बस छाती बडवत. त्याला जगायला जी काठी मिळाली होती ती तूच काढून घेतलीस. कशासाठी? एका म्हाताऱ्या बाईशी तो चार शब्द बोलला म्हणून!"

तिनं शर्ट खाली घेतला, पुन्हा हुंगला, काखेत, पाठीवर, काहीतरी शोधत असल्यासारखं.

"तो वास गेला," ती म्हणाली.

"कुठला?"

"तो गोडसर. माणसाचा. धूर नव्हता तेव्हा होता, धूर आला आणि तो गेला." मग तिनं माझ्याकडे बघितलं. त्या चेहऱ्याचं मी काय सांगू? "अगं, तो कुणाचा नव्हताच. त्यांचाच होता. लग्न झाल्यापासून मी धुराचाच वास घेतेय. मला माझ्या नवऱ्याचा वास माहीत नव्हता. आला तेव्हा मी म्हटलं, ही कोण बया."

मला हसावं की रडावं कळेना. ती रडतच होती. इस्त्री तापून तापून शिट्टी मारायला लागली, तेव्हा मी जाऊन बंद केली. दुसरीच्या वासावर जळून जळून बाई स्वतःच्याच नवऱ्यावर जळली होती, आणि त्या जळण्यापायी त्याला पुन्हा धुरात ढकलून मोकळी झाली होती.

मालकाला काही न सांगता ती ॲप्रनवरच निघाली. मी पाठोपाठ. औषधाच्या दुकानात तीन गिऱ्हाइकं पुढे होती, ती रांगेत उभी राहिली. औषधवालीनं तिला बघितलं आणि स्टुलावर जरा ताठ झाली. बिचारीला वाटलं असेल, आता काय हुंगते.

"एक डबी द्या," वहिनी म्हणाली. "माझ्या नवऱ्यासाठी." 'माझ्या' वर तिनं असा जोर दिला की मागचा म्हातारा दचकला. "मी टाकायला लावली होती. त्यांनी पुन्हा ओढली. आता कमी कशी करत न्यायची ते मला सांगा. त्यांना नको. मला."

औषधवालीनं सांगितलं, वहिनीनं ऐकलं. दोघी एकमेकींकडे न बघता डबीकडे बघत होत्या. निघताना औषधवाली म्हणाली, "त्यांना माझा नमस्कार सांगा." वहिनी म्हणाली, "बघते." तो नमस्कार दादाला अजून पोचलेला नाही, हे मी खात्रीनं सांगू शकते.

तेव्हापासून डबी वहिनीच्या पर्समध्ये असते. सकाळी दादा कामाला निघाला की ती दिवसापुरत्या पिशव्या कागदात बांधून त्याच्या खिशात ठेवते, आणि घरी असला की त्यानं तिच्याकडे मागायच्या. सिगारेट नाही म्हणजे नाही. पहिले काही दिवस दादा लाजत मागायचा, खाकरून. मग सवय झाली. "अगं, दे ना एक." ती हातातलं काम टाकून उठायची, पर्स उघडायची, झाकण फिरवायची. मी बघत असायचे. संसारात त्यानं तिच्याकडे आपणहून काही मागितलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. आणि ती कशी मिरवायची! डबी अशी पुढे धरायची, जणू दागिन्यांची पेटी. दंतवैद्याकडे त्याच्या हिरड्या दाखवायलाही तीच घेऊन गेली, आणि तो दंतवैद्य पुरुष आहे याची आधी चौकशी करून गेली. नळीत फुंकर मारायची तपासणी पुन्हा झाली. डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत आलेलं नाही, पण उरलंय ते धरून आहे." वहिनीनं पर्सवर हात ठेवला. डबी हळूहळू जास्त दिवस पुरायला लागली.

परवा सकाळची गोष्ट. दादा बूट घालत होता. वहिनीनं कागदाची पुडी बांधून पुढे केली. तो म्हणाला, "आज नको."

"विसरलात तर दुपारी ओढाल."

"नाही ओढणार. गेले चार दिवस तू देतेस ती तशीच परत आणतोय. खिशात बघ हवं तर."

मला वाटलं, आता ही नाचेल. नातेवाइकांना फोन लावेल. पण वहिनी पुडी हातात धरून उभी राहिली आणि तिचा चेहरा पडला. अगदी पडला. इतकी वर्षं जिच्यावर जळली ती सवत घरातून चालली होती आणि बाई उंबऱ्यात तिची वाट अडवून उभी!

"मग आता माझ्याकडे काय मागणार तुम्ही?" ती म्हणाली.

दादानं हातातली बुटाची नाडी तशीच सोडली. तो विचारात पडला, खरोखरचा विचार करत होता. मग त्यानं वर बघितलं.

"मागेन गं काहीतरी," तो म्हणाला. "तू नाही म्हणू नकोस म्हणजे झालं."

वहिनी लाजली. या वयात, हातात तंबाखूची पुडी घेऊन, दारात उभी राहून लाजली. तो जिना उतरून गेला तरी ती तिथेच होती. मी माझा चहाचा कप उचलून स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडला. मला तिचा इतका मत्सर वाटला, की घासलेला कप मी पुन्हा घासत बसले.